फौजदाराच्या गाडीचा फिल्टर

फौजदार रमाकांत परबांची मोटारसायकल लढाईच्या काळातली होती. लष्कराने मोडीत काढलेल्या मालातून त्यांनी ती हौसेने घेतली होती. गाडी सरकारी नव्हती, त्यांची स्वतःची होती, म्हणून दुरुस्तीला लालबागला बाबुरावांच्या गॅरेजात यायची. आली की उत्तमच्याच हाती जायची. दुसऱ्या कुणी तिला पाना लावलेला परबांना खपत नसे.

छप्पन सालच्या जानेवारीत ती गाडी दमेकऱ्यासारखी खोकू लागली. मूळचा हवेचा फिल्टर कधीच गळून गेला होता आणि इंजिन गिरणगावची हवा तशीच आत ओढत होतं. त्या हवेत धूळ कमी आणि कापसाचे तंतू जास्त. परबांनी ऑपेरा हाउसकडच्या मोटारसामानाच्या दुकानातून एक नवा फिल्टर आणला. दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी केलेला, गोल डब्यासारखा.

"उत्तम, हा बसेल का रे?"

उत्तमने तो कार्बोरेटरच्या तोंडाला लावून पाहिला. "ह्याचं तोंड मोठं आहे, साहेब. पण बसवू. मध्ये पितळेची कॉलर करावी लागेल."

"कर बाबा. सध्या दिवसभर हिच्यावरच असतो. कुठे बंद पडली तर माझी धडगत नाही."

दिवसच तसे होते. गिरणगावातल्या भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं चुन्याने लिहिलेलं होतं. उत्तम स्वतः मोर्च्यांत जायचा, घोषणा देऊन घसा बसवून घ्यायचा. परबांना ते ठाऊक होतं. निघताना ते हळूच म्हणाले, "आमच्या घरातसुद्धा तेच बोलतात रे. माझ्या अंगावर वर्दी आहे, एवढंच."

कॉलर कातून घ्यायला उत्तमला वेळ लागला. दुपारी जगदीश आला. जगदीश परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि सुटी झाली की चळवळीच्या समितीच्या कामात असायचा. दोघं एकाच चाळीत वाढलेले. जगदीशची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून उत्तमची आई राधाबाई दोघांना एका ताटात वाढायची. चाळीत नवीन आलेली माणसं त्यांना सख्खे भाऊच समजायची.

"कुणाची रे ही?" जगदीशने विचारलं.

"परबसाहेबांची. फिल्टर बसवतोय."

जगदीश शेजारच्या रिकाम्या डब्यावर बसला. "दाखव की मला पण. काय करतो हा तुझा फिल्टर?"

आजवर उत्तमच्या कामात त्याने कधी रस घेतला नव्हता. उत्तमला बरं वाटलं. त्याने फिल्टरचं झाकण उघडून आतली जाळी दाखवली, जाळीमागचा तेलात भिजवलेला लोकरीचा नमदा दाखवला. कॉलरच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा का घालायचा, बाहेरचा फिल्टर लावल्यावर हवा कमी-जास्त होते म्हणून पेट्रोल सोडणारा जेट का बदलावा लागतो, सगळं सांगितलं. मास्तरांना क्वचितच मिळणारा चांगला विद्यार्थी मिळावा, तसा तो रंगून सांगत राहिला.

"आणि हे बुजलं तर?" जगदीशने विचारलं.

"हळू चाललास तर कळणारही नाही. पण जोर दिलास की दम कोंडतो. फटफट करते आणि बसते मग जागच्या जागी."

फिल्टर चपखल बसला. उत्तमने किक मारली आणि इंजिनाचा आवाज असा सुरात लागला, की आतल्या खोलीतून बाबुराव बाहेर डोकावले. उत्तमचा चेहरा फुलला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "मी साबण लावून येतो, मग चहा मारू. तू बस," असं म्हणून तो मागच्या नळावर गेला.

"जा तू. मी आहे इथे," जगदीश म्हणाला.

संध्याकाळी परब गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी उत्तमच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या रस्त्यावर माणसांचा पूर आला. दगड चालले, अश्रुधूर सुटला. परबांना वरच्या साहेबाचा निरोप घेऊन परळकडे जायचं होतं. गर्दी अंगावर येताना दिसली तशी त्यांनी गाडीला जोर दिला, आणि ऐन चौकात गाडी फटफट करून बसली. त्यांनी एकामागून एक किका मारल्या. तेवढ्यात लोकांनी त्यांना गाठलं. गाडी आडवी झाली, परबांचा पाय तिच्याखाली आला आणि वरून माणसं गेली. गुडघ्याखाली हाडाचा चुरा झाला.

उत्तमला चौकीवर बोलावलं. अंगणात ती मोटारसायकल पडलेली होती. "तूच काम केलंस ना? उघड," तिथला अंमलदार म्हणाला.

उत्तमने फिल्टरचं झाकण काढलं. आत बोळा होता, तेलात बुडवून दाबून बसवलेला. गॅरेजात पुसायला वापरतात तसलं मळकं कापड नव्हतं ते. गिरणीतला कोरा वेस्ट, म्हणजे सुताचा टाकाऊ गुंता होता आणि त्यात लाल काठाचे धागे गुंतले होते. जगदीशच्या साच्यावर लाल काठाची धोतरं निघायची. त्याच वेस्टची मूठ घेऊन तो रोज घरी यायचा, राधाबाईंना चूल पेटवायला.

 नळाचं पाणी हातावर पडत असताना मागे काय चाललं होतं, ते उत्तमला आत्ता दिसलं.

"हे कुणी घातलं?"

"मी नाही घातलं, साहेब."

"मग कुणी?"

उत्तमने झाकण परत लावलं. त्याला कोठडीत ठेवलं. पुरावा धड नव्हता आणि त्या दिवसांत कोठड्या माणसांनी भरून वाहत होत्या. त्यामुळे काही दिवसांनी त्याला सोडून दिलं. त्या सगळ्या दिवसांत त्याने जगदीशचं नाव तोंडातून काढलं नाही. एक गोष्ट मात्र त्याने मनाशी धरून ठेवली होती. जगदीश येईल, निदान आपल्याजवळ तरी कबूल करेल.

जगदीश आला होता. चौकीच्या दाराशीच उभा होता, हातात हार आणि बरोबर चाळीतली माणसं घेऊन.

"आला आपला वाघ!" तो ओरडला. "फौजदाराची गाडी ह्यानेच बसवली, बरं का! आपल्या उत्तमने!"

लोकांनी उत्तमला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी चाळीच्या चौकात बाकडी मांडली, गॅसबत्त्या टांगल्या. राधाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना वाटलं, पोराने मोठं काम केलं. उत्तमला बोलायला उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही. फिल्टर मी नीट बसवला होता. खरंच सांगतो, नीट बसवला होता."

 पुढे बसलेला कुणीतरी हसून म्हणाला, "पोलीस ऐकतायत, म्हणून बोलतोय हो!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात जगदीश वाजवत होता.

माणसं पांगल्यावर उत्तमने त्याला जिन्याखाली गाठलं.

"का केलंस?"

"चळवळीसाठी केलं. आणि नाव तुझं मोठं केलं ना मी? मला एकट्याला मिरवता आलं असतं."

"त्या माणसाचा पाय गेला, जगदीश."

"आपल्या लोकांवर गोळ्या झाडल्या त्या विसरलास?"

"नाही विसरलो. पण तू मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो," उत्तम म्हणाला. "आणि तुला ते माहीत होतं."

जगदीशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तमने तो उचलून बाजूला केला आणि वर गेला.

सकाळी गॅरेजात बाबुरावांनी त्याला आत येऊ दिलं नाही. म्हातारा वाईट नव्हता, रडवेला झाला होता. "लेका, तू बेस्ट कारागीर. पण आता इथे गाडी कोण टाकणार? ज्याच्या हातावर विश्वास, त्यानेच ब्रेक सोडले तर, असं गिऱ्हाईक म्हणतंय."

"शेठ, तुम्हाला पण वाटतं मी केलं?"

बाबुरावांनी शटर अर्धं खाली ओढलं.

तिथून उत्तम पायीच परबांना ठेवलं होतं त्या हॉस्पिटलात गेला. परबांचा पाय वर टांगलेला होता. त्यांनी उत्तमला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"साहेब, मी नाही केलं. मी हात धुवायला गेलो होतो. गाडीपाशी दुसरं माणूस होतं."

"कोण?"

"नाव नाही सांगणार."

 परब भिंतीकडे बघतच म्हणाले, "मग कशाला आलास? मला बरं वाटावं म्हणून, की तुला?"

 उत्तमने टेबलावरचा तांब्या त्यांच्या हाताला येईल असा सरकवला आणि तो निघाला.

पुढे त्याला भायखळ्याला लॉऱ्यांच्या एका कारखान्यात काम मिळालं. मोटारसायकलला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. जगदीश युनियनमध्ये वर चढत गेला, चार माणसं त्याच्या मागेपुढे असायची. राधाबाईंना उत्तमने काहीच सांगितलं नाही. त्यांचा एक मुलगा आधीच लहानपणी गेला होता. जगदीशलाही त्यांच्यापासून तोडायचं उत्तमच्या जिवावर आलं. त्यामुळे सणावारी जगदीश जेवायला येत राहिला आणि उत्तम त्याच्या शेजारच्या पाटावर बसून खाली बघत जेवत राहिला.

साठ साली महाराष्ट्र झाला. रस्त्यांवर रोषणाई होती, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. उत्तमलाही आनंद झाला होता. त्यासाठी त्यानेही घसा फोडला होता. राधाबाईंनी पुरण घातलं आणि जगदीशला बोलावून आणलं.

जेवताना जगदीश हळूच म्हणाला, "झालं ना रे आपल्या मनासारखं? आता तरी सोड की."

उत्तमने घास खाली ठेवला. चुलीपाशी राधाबाई पोळी उलटत होत्या. त्यांची पाठ दोघांकडे होती.

"आई," तो म्हणाला, "जगदीशला तूप वाढ. मला बास झालं." आणि हात धुवायला उठला.