कुठे फाटलं होतं ते विचारू नका

“दाखवा, कुठे जळाली होती ती दाखवा!” असं म्हणत बाईंनी शाल माझ्या टेबलावर आपटली. त्यांच्यामागे त्यांची धाकटी जाऊ मान खाली घालून उभी होती.

शाल मी लगेच ओळखली. मोरपंखी, हलकी, महागातली. धाकटीने ती थोरलीकडून मागून नेली होती, इस्त्री करताना कोपरा जाळला आणि रडत माझ्याकडे आली. मी त्या शालीच्याच काठातले धागे ओढून भोक विणून काढलं. शाल परत गेली, थोरलीच्या कपाटात बसली, कुणाला पत्ता लागला नाही. लागला तो आज. थोरलीच्या फोनवर माझ्या दुकानाचं पेज उघडं होतं आणि त्यावर तिचीच शाल होती. डावीकडे भोकासकट, उजवीकडे भोकाशिवाय.

“काम झकास आहे हो तुमचं,” थोरली म्हणाली. “मला काही कळलंच नव्हतं. हिने तोंड उघडलं नाही, पण तुम्ही मात्र जगाला सांगितलंत.”

धाकटी एवढंच बोलली, “मावशी, मी म्हटलं होतं ना, कुणाला कळू देऊ नका म्हणून?” ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी रफूवाली. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. ते म्हणायचे, फाटलेलं बघायचं, विणायचं आणि विसरायचं. सदऱ्याची बाही ओढून फाटलेली असेल तर कुणी ओढली हे विचारायचं नाही. आमचा धंदाच उलटा. काम बिघडलं तर लांबून दिसतं, आणि जमलं तर दाखवायला काही उरत नाही.

पेज सुनेने काढलं होतं. तिचा हेतू वाईट नव्हता. हल्ली लोक फाटलं की फेकतात आणि नवं घेतात, त्यामुळे मी दुकानात माश्या मारत बसायचे. शेजारी मोबाईलची कव्हरं विकणारा आमच्या गाळ्यावर डोळा ठेवून होता आणि माझा मुलगा त्याला हो म्हणायच्या बेतात आला होता. तेव्हा सूनच आडवी आली. म्हणाली, “आधी लोकांना कळू तर द्या, आई काय करतात ते!” शालीचा फोटो टाकल्यावर खरोखरच गिऱ्हाइकं दुकान शोधत आली. मीसुद्धा चष्मा पुसून पुसून लाइक बघत होते, खोटं का बोलू?

त्या दिवशी घरी गेले आणि म्हटलं, “ती शाल काढून टाक. सगळेच फोटो काढ.”

“आई, त्याच फोटोवर दुकान चाललंय,” सून म्हणाली. “बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं.”

“आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, ते कुठे गेलं?”

“मूठ झाकूनच ठेवायची असेल तर गाळा देऊन टाकू,” मुलगा ताटावरून म्हणाला. “नाहीतरी तुझे डोळे आता थकलेत. घरी आराम कर.”

“माझे डोळे माझ्या कपाळावर आहेत. थकले की तुला सांगतील.”

सून नाराज झाली, पण तिने फोटो काढून टाकले. मग म्हणाली, गिऱ्हाइकाला विचारून मगच फोटो टाकू. तेही करून पाहिलं. एका गृहस्थांना विचारलं तर त्यांनी पँट पोटाशी कवटाळली आणि म्हणाले, “मावशी, तुम्ही हे विचारताय?” दुसऱ्या बाई तर कपडा घेऊन परत गेल्या. गिऱ्हाईक पुन्हा आटलं. कव्हरवाला येऊन फुटपट्टीने भिंत मोजून गेला, माझ्यादेखत.

सुनेचंही चूक नव्हतं. न दाखवता लोकांना कळणार कसं? आणि दाखवायचं तर कुणाचं?

“माझं दाखव,” मी म्हटलं.

“तुमचं काय फाटलंय?”

“फाडते की.”

मी गळ्यातला स्कार्फ काढला आणि तिच्या फोनसमोर कात्री चालवली. संध्याकाळपर्यंत तो जसाच्या तसा केला. मग टेबलावरचं कापड, उशीचा अभ्रा, माझं लोकरी जाकीट. घरात काही सुरक्षित राहिलं नाही. मुलगा सदरा घालण्याआधी विचारायचा, “हा आज कापायचा नाहीये ना?” सून हसून हसून बेजार व्हायची, पण फोन हलू द्यायची नाही. मध्ये मी बोलत राहायचे, धागा कुठून काढायचा, एक वरून, एक खालून कसा घ्यायचा. लोक ऐकायला लागले.

लोक बघायला लागले तशी नावं ठेवणारेही आले. दोन वेगळे कपडे आहेत म्हणे. मध्ये व्हिडिओ कापतात म्हणे. एकाने लिहिलं, चिंध्या फाडायला काय जातंय, चांगला कपडा फाडून दाखवा. कव्हरवाल्याने हे सगळं मला दारात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. एवढी माया त्याने कधी दाखवली नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या कामात सासऱ्यांनी डोळे घालवले आणि मी बोटं घालवली, त्याला हे हातचलाखी म्हणणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांचा कोट घेऊन दुकानात गेले. करडा, जाड लोकरीचा, आतून रेशमी अस्तर. ह्यांना जाऊन बराच काळ झाला. माणूस असा जपून वागणारा की रफूवालीशी संसार करून त्यांच्या एका कपड्यालाही कधी रफू लागला नाही. मी चिडवायचे, “निदान एकदा तरी खिळ्याला अडका, माझी कला बघा.” ते हसायचे आणि कोट ब्रशने झाडून ठेवायचे.

“लाइव्ह लाव,” मी सुनेला म्हटलं. “आणि मी शेवटचा धागा तोडेपर्यंत बंद करू नकोस.”

मुलगा धावत आला. “आई, बाबांचा कोट आहे तो! लोकांच्या बडबडीसाठी?”

“लोकांसाठी नाही. बाजूला हो, उजेड अडतोय.”

कात्री लावण्याआधी मी कोट एकदा हाताने झाडला, हेही सगळ्यांनी पाहिलं. लोकर जाड होती, कापताना आवाज आला. मग मी आतल्या दुमडीतून धागे ओढले, कापड ताणून धरायला लाकडी कडं बसवलं आणि सुई हातात घेतली. जेवायला उठले नाही. रस्त्यावरचे लोक दारात थांबले, गेले, नवे आले. कव्हरवाल्याने स्टूल आणून दिलं आणि स्वतःच त्यावर बसला. ऊन कलल्यावर मी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि कोट फोनसमोर धरला.

कुणीतरी लिहिलं, कुठे कापला होता?

मुलाने कोट घेतला. दिवसभर समोर उभा होता तो, तरी त्याची बोटं छातीवरून खिशाकडे आणि खिशावरून परत वर फिरत राहिली. “आई, कुठे होतं गं?”

“ते सांगायचं नसतं,” मी म्हटलं.

मला मात्र डोळे मिटूनही सापडतं. आयुष्यभर त्यांनी जपलेला कोट मी कापला, ते दुखायचं थांबत नाही. पण लाज वाटत नाही.

कोट आता दुकानाच्या दारात टांगलेला असतो, बटणं लावून. येणारा-जाणारा हात फिरवून जातो. गाळ्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मुलगा मात्र कधीकधी येतो आणि कोटाच्या खांद्यावरची धूळ ब्रशने झाडतो.

परवा दुपारी ती धाकटी जाऊ आली. दारातच थबकली. सुनेचा फोन टेबलावर होता, तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातात एक गाठोडं होतं, घट्ट बांधलेलं.

मी फोन पालथा घातला आणि तिला बसायला खुर्ची ओढली. तिने गाठोडं माझ्यासमोर ठेवलं. कुणाचं, ते मी विचारलं नाही.