न्यिरोंगो साहेबांचं कुलूप

तेम्वा सिस्टरने कपाटाच्या काचेला नाक लावलं. आत बालरोगांवरचं जाडजूड पुस्तक उभं होतं. आरोग्य केंद्राला ते भेट मिळालं, त्याच दिवशी केंद्राचे प्रमुख न्यिरोंगो साहेबांनी ते मळू नये म्हणून कुलपात घातलं होतं. बाहेर बाकावर एक दोन वर्षांचं पोर रॉकेल पिऊन रडत होतं, आणि त्याची आजी त्याच्या घशात बोट घालायला निघाली होती.

"आजी, थांबा! ओकवायचं की नाही ते बघून सांगते."

"बघून? मग नर्स कशाला झालीस?"

साहेब किल्लीसकट राजधानीला, लिलाँग्वेला, कार्यशाळेला गेले होते. तेम्वाने फोन लावला.

"सिस्टर, आत्ता नको," ते कुजबुजले. "खेड्यातल्या नर्सपर्यंत माहिती कशी पोचवावी, यावर भाषण चाललंय. फार सुंदर बोलतायत. पुस्तक मी परत आल्यावर देतो."

तेम्वाने पहारेकरी गोंड्वेमामांना हाक मारली.

"कुलपाला हात लावायचा नाही हं, साहेब रागावतील," म्हणत मामांनी चमच्याच्या दांड्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं.

ओकवू नका, श्वासावर लक्ष ठेवा, असं पुस्तकात होतं. आजीला वाचता येत नव्हतं. तरी छापील पान पाहून तिने बोट मागे घेतलं. संध्याकाळी पोर खायला मागू लागलं, आणि मामांनी दार कुलपासकट पुन्हा जागच्या जागी बसवलं.

सोमवारी साहेबांनी आल्या आल्या कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"शाबास, सिस्टर. जसंच्या तसं!"

"हो साहेब," तेम्वा म्हणाली. पुस्तक तिच्या टेबलाच्या खणात होतं. काचेतून आत बघायचं साहेबांना सुचलंच नाही.