क्लेर्सिनाची लेक

हैतीतल्या आमच्या डोंगरवाडीत क्लेर्सिनाची लेक तापानं फणफणली होती. "घरातले जुने देव जाळ, मग मी प्रार्थनेला येतो," मिशनचे पाद्री म्हणाले. तिनं आजीच्या हातचे देवांचे घट फोडले, ध्वज जाळले. पाद्री आले, गुडघे टेकून कळवळून प्रार्थना केली. तरी दुपारी पोर गेली.

"बाप्तिस्मा झाला नव्हता, चर्चच्या आवारात पुरता येणार नाही," पाद्री मान खाली घालून म्हणाले.

क्लेर्सिना भावाकडे धावली. तो व्होडूचा, त्याच जुन्या देवांचा पुजारी. "देव जाळलेस ना ताई? मग आता हाक कुणाला मारू?"

ती केळीखाली एकटीच खणू लागली. मागून भाऊ आला, त्यानं कुदळ घेतली.

"हिच्या जिवाला आता पलीकडे कोण नेणार रे?"

तो खणत राहिला.