पोथी मिटायची नाही

गुरुवारी दुपारी पोथी पेत्रानं येशूला नाकारण्याच्या प्रसंगापर्यंत आली, तेव्हा गाणारे तिघेच उरले होते.

बुधवारी सकाळी बसले तेव्हा आलिंग बासिलिसाच्या, म्हणजे बासिलिसाबाईंच्या, घरात बावीस माणसं होती. समोरासमोर दोन पंगती, मधे बाक, बाकावर पोथी. एका पंगतीनं पाच ओळींचं कडवं म्हणायचं, त्याची शेवटची ओळ अजून हवेत आहे तोवर दुसरीनं पुढचं उचलायचं. येशूच्या दुःखभोगाची ही कथा वाचायची नसते, गायची असते. आणि एकदा लागलेला सूर शेवटच्या पानापर्यंत तुटू द्यायचा नसतो. माणसं उठतील, आल्याचा उकाळा पितील, लेकराला पाजून येतील, पण कुणा ना कुणाच्या गळ्यात कडवं चालूच पाहिजे. सान गाविनो वाडीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. आईच्या मांडीवर झोपेतच ते कानात शिरतं.

त्यात बासिलिसाचं पारायण नवसाचं. गेल्या जूनमध्ये तिचा एकुलता एक लिबोरियो मांडीत स्पॅनिश गोळी घेऊन घरी आला होता. नऊ दिवस तापात बरळत होता. दहाव्या दिवशी तिनं मारियामायच्या मूर्तीपुढं कपाळ टेकून सांगितलं, "तू याला धरून ठेव. मी जिवंत असेन तोवर दर पवित्र सप्ताहात पोथी गाईन. अखंड." संध्याकाळी ताप उतरला. एवढं सरळ होतं ते. जोवर सूर धरलेला आहे तोवर मायनं पोराला धरलेलं आहे. सूर सुटला की हात सुटला. कुणी तिला हे उलगडून विचारलं असतं तर तिला विचारणाराचीच कीव आली असती.

नवसाचं हे पहिलंच वर्ष, १८९९चं. आणि पहिल्याच वर्षी दक्षिणेला, मनिलाहून येणाऱ्या रेल्वेच्या रुळांकडं, अमेरिकनांच्या तोफा वाजत होत्या.

बुधवारी दुपारपासून माणसं गळू लागली. आधी लेकुरवाळ्या गेल्या, मग ज्यांच्या घरी रेडे-गाड्या होत्या ते. जाणारा प्रत्येक जण मूर्तीच्या पायांना हात लावायचा आणि बासिलिसाकडं न बघता खांबांवरच्या घराची शिडी उतरायचा. राहिली शेजारची आलिंग तोमासा, जिची जीभ वाडीत कोयत्याखालोखाल भीती बाळगावी अशी होती. आणि सत्तरीचा म्हातारा सिल्व्हेस्त्रे, मनिलात चाळीस वर्षं टांगा हाकून परतलेला, खर्जातला. तिघांत पंगती कुठल्या? एकानं दोन्ही बाजू ओढायच्या, तेवढ्यात उरलेल्या दोघांनी घसा ओला करायचा.

आता बासिलिसा ओढत होती. तोमासानं उकाळ्याची वाटी सिल्व्हेस्त्रेपुढं सरकवली.

"ऐकलंस का? तुझी गिऱ्हाइकं आली बघ जवळ. मनिलात टांग्यातून फिरवत होतास ना त्यांना?"

"फिरवलं. भाडंही चोख दिलं त्यांनी. मला काय ठाऊक, पुढल्या खेपेला टांग्यासकट देशच नेतील."

"मित्र म्हणाले होते ना?"

"म्हणाले की. भांडण त्यांचं आणि स्पेनचं, तेही जगाच्या पलीकडल्या कुठल्याशा बेटावरून. आपल्याला वाटलं, तीनशे वर्षांचा धनी हाकलायला देवानं पाहुणा पाठवला."

बासिलिसा गात होती तरी कान इकडं होते. पाहुणा हा शब्द तिला टोचला. लिबोरियोच्या तुकडीनं मनिलाबाहेर खणलेला खंदक अमेरिकनांनी मागितला होता. पोरांनी तो रिकामा केला, पण तसाच नाही दिला. पाहुण्याला घर द्यावं तसा आतला चिखल उपसून, झाडून, बांबूची चटई अंथरून दिला. तापातून उठल्यावर ती चटईची गोष्ट लिबोरियोच्या कानावर आली तेव्हा त्याची छाती फुगली होती. ऑगस्टात त्याच खंदकातून उठून अमेरिकन मनिलात शिरले, आणि चटई अंथरणारी पोरं भिंतीबाहेर थोपवली गेली, पाहुण्यांच्याच बंदुकांनी.

"आणि वर विकत घेतलं म्हणे आपल्याला," तोमासा म्हणाली.

"पॅरिसमध्ये, स्पेनकडून. दोन कोटी डॉलर."

"माझं डुक्कर घ्यायचं तरी माणूस आधी येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवतो."

"तुझं डुक्कर ओरडतं ना, म्हणून." सिल्व्हेस्त्रेनं वाटी ठेवली. "चार महिन्यांची लढाई, तोमासा. तेवढ्यात आपल्याकडं भात धड पिकत नाही. आणि तेवढ्यात तिकडं एक देश सम्राट होऊन बसला."

बासिलिसानं डोळ्यांनी खूण केली. सिल्व्हेस्त्रेनं पुढचं कडवं खर्जात उचललं आणि ती मागं टेकली. तिच्या घशात काटे उभे राहिले होते.

तेवढ्यात शिडी करकरली. वर आला तो लिबोरियो.

त्याच्या अंगावरचा निळ्या रेघांचा गणवेश घामानं काळा झाला होता. एका हातात जुनी रेमिंग्टन बंदूक, दुसऱ्या हातात सुक्या पेंढ्याचा राळेत बुडवलेला पलिता. खाली अंगणात आणखी चार शिपाई तसलेच पलिते घेऊन उभे. त्यानं आईचा हात घेऊन कपाळाला लावला.

"इनांग, तुम्ही अजून इथं? मला वाटलं, कालच गेलात."

"पोथी व्हायची आहे. बस. उकाळा घे."

"बसायला नाही आलो." तो पलित्याकडं बघत म्हणाला, "वाडी जाळायची आहे. हुकूम आहे. त्यांना सावलीला एक छप्पर मिळता कामा नये."

तोमासा उठून उभी राहिली. "आपली घरं आपणच?"

"आपणच, आलिंग."

"आणि इथून सुरुवात?"

"इथून शेवट. बाकीची पेटवून आलो. हे घर मी मागं ठेवत आलो."

खरंच, गाण्याच्या नादात कुणाचं लक्ष नव्हतं. खिडकीबाहेर वाडीच्या खालच्या अंगाला धूर चढत होता, आणि निपाच्या पानांची छपरं पेटताना पाऊस पडल्यासारखी तडतडत होती.

बासिलिसा म्हणाली, "उद्या दुपारी पोथी संपेल. मग जाळ."

"उद्या दुपारी? इनांग, ते त्या बांबूच्या बेटापर्यंत आलेत. अर्धा तास. फार तर."

"तू आत्ता माझ्यापुढं उभा आहेस तो कशाच्या जोरावर? मार्चभर लढतोयस. तुझ्या डाव्या-उजव्याची पोरं गेली. तू का नाही गेलास?"

"नवसाचं मला ठाऊक आहे."

"मग मला सूर तोडायला सांगू नकोस. माझ्या हातानं तुला मारायला सांगू नकोस."

सिल्व्हेस्त्रेचं कडवं संपत आलं होतं. म्हाताऱ्याला खोकला आला आणि शेवटच्या ओळीला आवाज फाटला. तोमासानं घाईघाईनं पुढचं उचललं.

"ठीक आहे," लिबोरियो म्हणाला. त्यानं पलिता भिंतीला टेकवला, बंदूक पायांजवळ आडवी ठेवली आणि बाकापाशी आईच्या शेजारी मांडी घालून बसला. "तुम्ही बसणार तर मीही बसतो."

खालून नीकानोर नावाच्या शिपायानं हाक मारली, "दादा, चला. लेफ्टनंट वाट बघतोय. घर उभं राहिलं तर आपल्याला उभं करील तो भिंतीशी."

"तुम्ही पुढं व्हा. मी पारायणाला बसलोय."

"दादा, थट्टा नको."

"थट्टा नाही."

बासिलिसानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. लहानपणी काही हवं असलं की तो असाच उंबऱ्यात बसायचा, न रडता, न मागता, आणि ती हरायची. पण तेव्हा हवा असायचा गूळ. आता सूर तोडला तर पोर जाणार, आणि नाही तोडला तरी जाणार. एका बाजूनं मायचा हात सुटणार, दुसऱ्या बाजूनं बांबूच्या बेटातून माणसं येणार. तिनं मूर्तीकडं पाहिलं. मारियामाय नेहमीसारखीच खाली बघत होती. आई गं, तुला तरी त्या दिवशी कुठं काही करता आलं, असं बासिलिसाच्या मनात आलं, आणि तिची तिलाच भीती वाटली.

छपरात काहीतरी सपकन शिरलं. वरून पानांचा भुगा पोथीवर पडला. मग आवाज आला, बंदुकीचा, मागून.

लिबोरियो हलला नाही.

बासिलिसानं भुगा फुंकला, पोथी उचलली, छातीशी उघडी धरली आणि उभी राहिली. तोमासाचं कडवं संपताच तिनं पुढचं सुरू केलं आणि गात गात शिडीकडं निघाली.

"घर सोडून?" तोमासा कुजबुजली. "मूर्ती सोडून? चालतं का असं?"

सिल्व्हेस्त्रेनं मूर्ती काखेत मारली. "गुरुवारच्या रात्रीनंतर येशूला तरी कुठं घर होतं? चल, म्हातारे. पाय आपटत बसू नकोस."

शिडीच्या मधल्या पायरीवर बासिलिसाचा श्वास अडकला. दोन दिवस पोटात उकाळ्याखेरीज काही नव्हतं. ओळ अर्धी राहिली, पुढचा शब्द तोंडात येईना. तोमासा अजून वर, सिल्व्हेस्त्रे खोकत होता. तेव्हा वरून, घराच्या आतून, एका पुरुषी, बेसूर आवाजानं ती ओळ उचलली. लिबोरियो. पोथी त्याच्यापुढं नव्हती. त्याला वाचताही धड येत नव्हतं. पण ते कडवं त्याच्या झोपेत शिरलेलं होतं. तो गात होता आणि छपराला पेटता पलिता लावत होता. खालच्या चौघांनीही सूर धरला. अंगणात उभे राहून ते शिपाई पंगतीला बसल्यासारखे गात होते, आणि बासिलिसाचं घर कोपऱ्याकोपऱ्यानं पेटत होतं.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. श्वास परत आला तसं पुढचं कडवं घेतलं.

वाडीबाहेर वाट फुटते. डावीकडं आपल्या सरकारच्या राजधानीचे, मालोलोसचे, खंदक, उजवीकडं उत्तरेला जाणारा कालुम्पितचा रस्ता. तिथं शिपाई थांबले. तोमासा आणि सिल्व्हेस्त्रे मागं पडले होते, धुरानं त्यांचा घसा धरला होता. सूर एकट्या बासिलिसाच्या गळ्यात होता.

लिबोरियो तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"इनांग, मी निघतो."

तिला सांगायचं होतं: पुढं राहू नकोस. मांडी दुखली तर लाज धरू नकोस, बस. तुझ्यासाठी केळीच्या पानातल्या तांदळाच्या वड्या ठेवल्या होत्या, त्या घरातच राहिल्या. एवढंच, चार वाक्यं. पण तोंडात कडवं होतं. बरं, कडवं तरी कुठलं यावं? आई-लेकाच्या भेटीचं नाही, काही नाही. येशूला शिक्षा देणारा सुभेदार पिलात हात धुतो आणि कोण कोण बघत उभं राहतं, याचं रुक्ष वर्णन. तिनं ते गातच हात पुढं केला. त्यानं कपाळाला लावला. तिच्या बोटांना त्याच्या कपाळाचा घाम लागला. तो थांबला होता, काही ऐकायला मिळेल म्हणून. मग त्याला कळलं आणि तो हसला.

"गा तुम्ही," तो म्हणाला. "मी ऐकत जातो."

ती गात राहिली. तो वळणापलीकडं गेला तेव्हाही पिलाताचे हात ओलेच होते.

रस्त्यावर माणसंच माणसं होती. गाड्या, कोंबड्या, पाठीवर घेतलेले आजारी. त्यांतल्या कुणी कुणी चालता चालता कडवं उचललं. कुठल्या कुठल्या गावची माणसं, चाली थोड्या वेगळ्या, पण सूर चालला. शुक्रवारी सकाळी मागं मालोलोसवर धूर उभा राहिला, काळा आणि रुंद. देऊळसुद्धा आपल्याच माणसांनी पेटवलं असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, अमेरिकन आत शिरले, आता हे सगळं त्यांचं. दुपारी नदीवरच्या पुलापलीकडं, काठच्या आंब्याखाली चाळीसेक माणसं पोथीभोवती बसली होती. शेवटची चार पानं उरली होती.

तेव्हा नीकानोर आला. एका हाताला चिंधी, पायात काही नाही. तोमासानं कडवं घेतलं आणि बासिलिसा उठून त्याच्यापुढं गेली.

"कुठं आहे?"

"देवळाच्या कोपऱ्यावर होता, आलिंग. गोळ्या संपल्या होत्या. मला म्हणाला, तू हो पुढं."

"मग?"

"मग धूर झाला."

"धूर झाला म्हणजे काय?"

"म्हणजे धूरच, आलिंग. मला दिसलं नाही." तो रडकुंडीला आला. "शप्पथ, मला दिसलं नाही."

ती परत पोथीपाशी येऊन बसली. पानं उलटत गेली. येशूला खाली उतरवलं, कबरीत ठेवलं, दगड लोटला, तिसरा दिवस उजाडला. माणसांच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा येऊ लागली. एका अनोळखी बाईनं भाताचं मडकं उघडून ठेवलं. एकच कडवं उरलं. सगळे बासिलिसाकडं बघू लागले, कारण नवस तिचा, शेवटचं कडवं तिनंच म्हणायचं.

बासिलिसानं पोथीच्या पानांचा गठ्ठा डावीकडून उजवीकडं उलटला आणि पहिलं पान उघडलं. सूर न तोडता तिनं पहिलं कडवं घेतलं.

एक म्हातारा म्हणाला, "अहो, शेवटचं राहिलं. असं अर्धं ठेवत नाहीत."

ते कडवं होईपर्यंत थांबून पुढचं तोमासानं घ्यायचं होतं. ती घेईना. बासिलिसानंच तेही ओढलं. मग सिल्व्हेस्त्रेनं, घशात उरलं होतं तेवढ्या आवाजानं, तिसरं घेतलं, आणि तोमासा तिच्या कानाशी वाकली.

"अगं, झालं की. एक म्हण आणि मीट. यंदापुरता नवस फिटतो."

"फिटला की मग त्याला कोण धरणार?" बासिलिसा म्हणाली.

तोमासानं तिच्याकडं पाहिलं. मग त्या म्हाताऱ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हाला भूक लागली असेल तर जेवा, आजोबा. इथं अजून वेळ आहे." आणि पदरानं तोंड पुसून तिनं चौथं कडवं उचललं.

दक्षिणेकडून माणसं येतच होती. बासिलिसाचं पोथीकडं लक्ष नव्हतं. ती गात होती आणि पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत होती.