घामाचं पाणी

“पुन्हा घामानं भिजून आली? आता तुझ्या आंघोळीला पानी कुठनं आणायचं?” व्यंकटी अंगणातूनच नवरेपणाच्या आवाजात ओरडला.

मैदानावरून आलेली गुणाबाई दारात धापा टाकत उभी राहिली. व्यंकटी आपला ऑटो धुवायला निघाला होता. शेजारी काठोकाठ भरलेली बादली होती. लातुरात आठ दिवसांनी टँकर येत होता, घराला एक टाकी पाणी मिळत होतं, आणि ऑटोला मात्र रोज आंघोळ!

लातूरचा जिल्हा झाला त्या साली गुणाबाई इथं नांदायला आली. तेव्हापासून रांधतेच आहे. आता क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये ती रोज तीनशे पोळ्या लाटते. अंग सुटलं तसं सगळ्यांनी नावं ठेवली, पण जिन्यात दम लागून ती मटकन खाली बसली तेव्हा एकालाही दवाखाना आठवला नाही. एकटीच गेली. चंद्रप्रभा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “हृदयावर ताण येतोय. गोळी चुकवायची नाही, आणि चालायचं. एक मिनिट झपाझप, दोन मिनिटं सावकाश. असं दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस.”

घड्याळ नव्हतं, म्हणून गुणाबाई साठ आकडे मोजायची. दीड महिन्यात ती मेसचा जिना न थांबता चढली. कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं, म्हणून घरी येऊन व्यंकटीला सांगितलं. “मंग काय गड जिंकला का?” तो म्हणाला.

आंघोळ ती बाजेवर बसून करायची, खाली टब ठेवून. टबातलं पाणी संडासाला जायचं. तेवढी अर्धी बादलीही आता त्याच्या डोळ्यांत खुपत होती.

“उद्यापासून बंद,” व्यंकटी म्हणाला. “दुष्काळात घाम गाळायचे लाड न्हाई परवडत.”

“टँकरमागं घागरी घेऊन पळते, तवा घाम येत न्हाई का मला?”

“ते घरचं काम हाय.”

गुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं घरासाठी घाम गाळला तोवर कुणाला त्याचा वास आला नाही. स्वतःच्या काळजासाठी चार थेंब गाळले तर लगेच दुष्काळ आठवला!

तिनं ऑटोशेजारची बादली उचलून आत नेली आणि दाराला कडी घातली. व्यंकटी दार बडवत राहिला. बाजेवर बसून ती निवांत, डोक्यावरून न्हाली.

ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा हातात तीच बादली होती. टबातलं साबणाचं पाणी तिनं त्यात ओतलं होतं. बादली तिनं ऑटोजवळ ठेवली.

“घ्या, धुवा गाडी. परवा पुन्हा जानार हाय मी. मला एवढ्यात मरायचं न्हाई.”

शेजारपाजारचे आपापल्या दारात येऊन उभे होते. मेसची वेळ झाली होती. पदर खोचून गुणाबाई निघाली, झपाझप, तोंडातल्या तोंडात आकडे मोजत. साठ झाले तेव्हा ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. तिथं पावलं सावकाश झाली, आणि तिनं मागं वळून पाहिलं. व्यंकटी त्याच बादलीत फडकं पिळत होता.