कोरी साडी

"कोकिळा, तुनी ती साडी कोरी शे ना?"

बेबाबाईने बाहेरच्या खोलीतून विचारलं, तेव्हा कोकिळा चुलीपुढे बसून पुरण घोटत होती. चुलीवर पोळ्यांसाठी मातीचं खापर तापत होतं आणि घामाने डोळे चुरचुरत होते. नणंद एवढ्या गोड आवाजात का बोलतेय, हा विचार तिच्या मनात यायला हवा होता. पण बसमध्ये कोणी काही विचारलं की खरं ते चटकन सांगून मोकळं व्हायचं, ही तिची कामातली सवय. हातातलं उलथणं न थांबवता ती म्हणाली, "हो अक्का, कोरीच आहे. अजून घडीसुद्धा मोडली नाही."

संपलं. खोटं बोलली असती, एकदा नेसले होते म्हणाली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं. श्रावणात एका रविवारी घरी बसवतात त्या कानबाईला नेसलेलं वस्त्र चालत नाही. देवीला लागतं ते कोरं.

कोकिळा एसटीत कंडक्टर आहे. जळगाव डेपोला. पहूर, पारोळा, भडगाव, जी गाडी लागेल ती. नोकरीला लागल्यापासून तिच्या अंगावर खाकी आहे आणि घरी आली की गाऊन. लग्नकार्याला नेसायला दोन साड्या होत्या, दोन्ही आहेरात आलेल्या. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच कोणासाठी घेतलेल्या आणि फिरत फिरत हिच्यापर्यंत पोचलेल्या. आहेराच्या साडीचा रंग कोणी आवडीने निवडलेला नसतो, हे बायकांना सांगायला नको.

यंदाच्या उन्हाळ्यात स्टँडजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. पुण्याची कुणी डिझायनर बाई आली होती. कोकिळा ड्युटी संपवून तशीच खाकीत आत शिरली. दारातल्या मुलीने तिला आधी अडवलंच, काय काम आहे म्हणून. साडी घ्यायला आलेय असं सांगितल्यावर त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते कोकिळेने पाहून ठेवलं आणि ती पुढे गेली. एक साडी तिच्या मनात भरली. कांद्याच्या पातीचा नव्हे, सालीचा रंग. तोच तो फिका गुलाबी, ज्याच्यात उजेड अडकून राहतो. काठाला हाताने भरलेली कापसाची बोंडं. आमच्याकडचा कापूस, आमच्याकडचा कांदा, आणि पुण्याच्या बाईने त्यांची अशी साडी केली याचं तिला हसूही आलं. डिझायनर बाईने स्वतः उठून ती साडी तिच्या खाकी खांद्यावर टाकली आणि आरसा दाखवला. कोकिळा आरशात बघत राहिली, आणि मग घेतली.

साडीची किंमत इथे सांगायची नाही. सगळ्यांनी तिला तेवढंच विचारलं, निदान तुम्ही तरी विचारू नका. तिच्या पगारात घर चालतं, पोरीची फी जाते. साडी आली ती जादा ड्युट्यांच्या भत्त्यातून, सणासुदीला बाकीच्या बायका माहेरी जात असताना हिने मारलेल्या फेऱ्यांतून. त्यात कुणाच्या ताटातला घास नव्हता.

पण ऐकून कोण घेतं? नवरा कुंदन मोटारसायकलच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. त्याच्या पायात कंपनीचे बूट असतात, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं, आणि गॉगल तर दर वर्षी बदलतो. त्याला कधी कुणी हिशेब विचारला नाही. पुरुषाला चार लोकांत फिरावं लागतं म्हणे. आणि ही? ही दिवसभर बसभर लोकांत फिरते, तिचं काय? साडी पाहून कुंदन म्हणाला, एवढ्यात तर नवा फ्रिज आला असता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी ती भडगावला सासूला साडी दाखवायला घेऊन गेली. सासूने, मंजुळाबाईने, बोटांनी पोत पाहिला आणि म्हणाली, "कांदाना फोतराना रंग शे हाऊ. इतला पैसामा चार लुगडा येतस." तेही ठीक. म्हातारं माणूस, बोलायचंच.

बेबाबाई आखाजीला माहेरी आलेली होती. अंगण बायकांनी भरलेलं होतं. ती हसत हसत म्हणाली, "खाकीमा फिरणारीले इतली भारी साडी? तिकीट फाडस का नुसता पैसाच लेस, वं?"

सगळ्या हसल्या. कोकिळाही हसली, कारण न हसली असती तर खरंच वाटलं असतं. पण परतीच्या गाडीत तिच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. नोकरीत तिच्या बॅगेतला हिशेब कधी चुकला नाही. तपासणीची गाडी रस्त्यात आडवी आली तर बाकीच्यांचे चेहरे उतरतात, ही निवांत उभी राहते. आणि एक साडी घेतली तर ही चोर? बाईने कमावलं तरी चालतं, बरं का. तिने ते स्वतःवर खर्चलं की मग लोकांच्या पोटात दुखतं, मग पैसा कुठून आला याची चौकशी सुरू होते. तेव्हाच तिने ठरवलं होतं, ही साडी नेसायची ती भडगावातच, याच अंगणात, कानबाईच्या सोमवारी. देवीला नदीवर पोचवायला सगळ्या जावा-भावजया नटून जातात. दरवर्षी हिची ड्युटी असायची, नाहीतर चूल. या वर्षी तिने आधीच रजा टाकली होती. कुंदनला सांगितलंही होतं.

आणि आज, रविवारी संध्याकाळी देवी बसायच्या आधी, बेबाबाईला ती साडी कोरी हवी होती.

पदराने हात पुसत कोकिळा बाहेर आली तेव्हा तिची बॅग उघडी होती. साडी बेबाबाईच्या मांडीवर. चौरंगाला केळीचे खांब बांधून झालेले, देवी म्हणून मांडलेल्या नारळाला डोळे काढलेले, नथ घातलेली. देवी नेसायची तेवढी बाकी होती. पलीकडच्या गल्लीतल्या कानबाईचा व्हिडिओ म्हणे सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. तिथे देवी सकाळीच बसवून तिला पैठणी नेसवली होती, दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या.

"बठ्ठा लोके तिनाच व्हिडिओ धाडी राहिनात," बेबाबाई म्हणाली. "आपली कानबाई डिझायनर साडी नेसी. देखा मंग." तिने साडीच्या कोपऱ्याला शिवलेली डिझायनरच्या नावाची चिठ्ठी शोधली आणि ती वर काढून दाखवली. "हाई चिठ्ठी वरच राहू द्या. दिसाले पाहिजे."

म्हणजे बघा. आखाजीला जी कांद्याचं फोतर होती, ती श्रावणात घराण्याची शान झाली. हिच्या अंगावर ती उधळपट्टी, देवीच्या अंगावर ती ऐपत. कोकिळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी ती साधंच बोलली. म्हणाली, "अक्का, ती मी उद्या नदीवर नेसणार आहे."

चुलतसासरे लोटननाना खुर्चीत बसले होते. रोटाचे, म्हणजे फक्त घराण्यातल्यांनी खायच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू काल त्यांनीच मोजले होते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. कोकिळेच्या नावाने मूठ पडत नाही, तिच्या पोरीच्याही नाही, तो रिवाजच तसा. नाना समजावणीच्या सुरात म्हणाले, "नवं ते पहिलं देवीले, सूनबाई. मानपाननी गोष्ट शे."

तिने कुंदनकडे पाहिलं. तो घड्याळाकडे बघत होता.

"देऊन टाक ना, कोकिळा," तो म्हणाला. "देवीपेक्षा मोठी आहेस का तू? आणि प्रसाद म्हणून परत येतेच की साडी."

"कोणाला?"

सगळ्यांना माहीत होतं कोणाला. या घरात देवीची साडी लेकीला जाते. बेबाबाई लग्न होऊन परक्या घरची झाली, म्हणून रोट तिला चालत नाही. साडी मात्र चालते. दरवर्षी जाते. आजवर त्या साड्या साध्या असायच्या, बाजारातून आणलेल्या हिरव्या, लाल. त्याबद्दल कोकिळेने कधी चकार शब्द काढला नव्हता.

एरवी ती सासरी जपून, शहरी बोलते. पण पारोळ्याची लेक ती, रागात तिच्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडते.

"अक्का," ती म्हणाली, "आखाजीले तुम्हीच म्हणेल ना, हाई तिकिटना पैसानी साडी शे. चोरीनी साडी कानबाईले चालस का?"

बाहेर गल्लीत ढोलवाल्याने दोन थापा मारून पाहिल्या.

"माय वं," बेबाबाई हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "ती ते गंमत व्हती."

"तुमनी गंमत व्हती. माले अजून झोंबस."

कुंदन उठून जवळ आला आणि दबक्या आवाजात सांगू लागला की चार लोकांत शोभा नको, देवीचा कोप होईल, आई दुखावेल. सगळ्यांची नावं त्याने घेतली. स्वतःचं तेवढं घेतलं नाही. कोकिळेने ते ऐकून घेतलं. मग तिने वाकून बेबाबाईच्या मांडीवरून साडी उचलली. ओढाओढ केली नाही, प्रवाशाच्या हातून नोट घ्यावी तशी घेतली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं.

बाहेर वाटलं, साडी पेटीत ठेवून कुलूप लावते की काय. लोटननाना बेबाबाईला म्हणाले, जाऊ दे, राग निवला की आणून देईल. देवीच्या कामाला कोणी नाही म्हणत नाही.

ती बाहेर आली तेव्हा साडी नेसून आली होती.

निऱ्या घाईत घातलेल्या, पण नीट बसलेल्या. पदर खांद्यावर, कापसाची बोंडं पाठीवर. केस तसेच, चुलीपुढच्या घामाने कपाळाला चिकटलेले. कोणाकडेही न बघता ती चौरंगापुढे गेली, देवीला हात जोडले आणि म्हणाली, "आते कोरी नही."

लोटननाना खुर्चीतून उठून बाहेर निघून गेले. बेबाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि रडत रडत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगू लागली की देवीच्या अंगावरची साडी सुनेने हिसकावली. अंगावर घातलीच नव्हती अजून, पण रडताना कोण बघतं ते? कुंदन भिंतीला टेकून उभा राहिला. कोकिळा स्वयंपाकघरात गेली आणि खापरापुढे बसली.

खापरावरची पोळी हातांवर झुलवत मोठी करावी लागते, कोपरापर्यंत. अंगावर डिझायनर साडी असली तरी तशीच करावी लागते. पिठाचे ओरखडे पदरावर उठले, पुरणाचा एक थेंब निरीवर पडला. तिने तो पुसला नाही. नैवेद्याची पोळी झाली, मग घरच्यांची झाली. देवीला ऐनवेळी दुकानातून आणलेली हिरवी साडी नेसवली गेली. ती तिला छान दिसत होती. देवीला काय, कुठलीही छान दिसते.

मंजुळाबाई सगळा वेळ चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसून लाकडं सारत होती. ती एक शब्द बोलली नाही, हे कोकिळेला सर्वांत जास्त लागलं. म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं.

सोमवारी सकाळी ढोल वाजला आणि मंडळी गिरणा नदीवर निघाली. देवीचा पाट डोक्यावर घेऊन सवाष्णी पुढे नाचत होत्या. पाट घ्यायला कोकिळेला कोणी बोलावलं नाही. मागच्या वर्षीपर्यंत न आलेली सून यंदा आली होती आणि गर्दीच्या शेवटी एकटी चालत होती. कालचीच साडी, पिठाच्या डागांसकट. रस्त्यातल्या ओट्यांवरून बायका बघत होत्या आणि एकमेकींच्या कानाला लागत होत्या. कुंदन पुढे ढोलाजवळ होता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि गॉगल घातला.

नदीला पाणी बऱ्यापैकी होतं. बाकीच्यांनी साड्या वर खोचल्या. कोकिळेने खोचली नाही, ती तशीच घोट्याएवढ्या पाण्यात उतरली आणि देवी पाण्यात जाताना हात जोडून उभी राहिली. काठावर परत आली तेव्हा निऱ्या भिजून जड झाल्या होत्या. बेबाबाई हिरव्या साडीची घडी पिशवीत घालत होती. मंडळी परत फिरली, ढोल पुढे गेला.

मंजुळाबाई मागे राहिली होती. तिच्या अंगावर बेबाबाईने कधीतरी नेसून टाकलेलं, विटलेलं लुगडं होतं. देवीची साडी लेकीला जायची आणि लेकीची जुनी झाली की आईला यायची, तोही या घरचा रिवाजच. ती कण्हत खाली वाकली, सुनेच्या साडीचा भिजलेला काठ दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू पिळून काढू लागली. कापसाची बोंडं चुरगळू नयेत म्हणून तेवढी जागा तिने सोडली.

"आई, राहू द्या," कोकिळा म्हणाली.

म्हातारीने काठ सोडला नाही. खाली बघतच तिने विचारलं, "कोरं कपडं अंगले कसं लागस, वं?"

कोकिळेला आधी नीट ऐकू आलं असं वाटलंच नाही.

"पहिले टोचस, आई. मंग बरं लागस."

"आसं का," मंजुळाबाई म्हणाली. "लगीनमा नेसेल व्हतू एक. आते याद नही."

तिने काठ झटकला, हाताने सारखा केला, आणि दोघी चालू लागल्या.