पणजीची सही

जुनी जन्म-लग्न-मृत्यूची रजिस्टरं संगणकात भरायची, म्हणजे लोकांना घरबसल्या पूर्वज सापडतात, हे त्या कारकुनाचं काम. नाव आणि जन्मतारीख जुळली की दोन नोंदींचा एक माणूस करायचा, आणि कसरीने खाल्लेलं किंवा वाचता न येणारं असेल ते सोडून द्यायचं, असा नियम. एका मंगळवारी, जेवणानंतरच्या डुलकीत, त्याने आपली पणजी आणि होणारी बायको एक करून टाकली. दोघींचं नाव एकच, जन्माचा दिवस-महिनाही तोच, आणि पणजीच्या जन्माचं साल कसरीच्या पोटात होतं.

लग्न चार दिवसांवर. लग्ननोंदणीवाल्याने पडद्यावर पाहिलं आणि पणजीशी लग्न लावता येत नाही म्हणून सांगितलं. चूक दुरुस्त होईल, पण घराण्यातल्या सर्वांत वडील हयात माणसाची सही हवी. ते माणूस कोण, तर पणजीच.

कारकून अर्ज घेऊन होणाऱ्या बायकोच्या दातांच्या दवाखान्यात गेला. पणजी तिथे एकाची दाढ उपटत होती. हातमोजे काढून तिने अर्ज दोनदा वाचला आणि सही न करताच परत दिला.

त्यालाही कारण होतं. कारकुनाची आई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. लग्न ठरल्यापासून तिने मुलीच्या चालीत, चहात, शिंकेतसुद्धा खोड काढली होती. पण सरकारी कागद तिला देवाहून मोठा. कागदाप्रमाणे आपण या मुलीची नातसून, हे कळल्यापासून मुलगी घरी आली की आई खुर्चीतून उठून उभी राहत होती.

"सही केली की मी सून," दातांची डॉक्टर म्हणाली. "आज आजेसासू आहे. माझ्या जागी तू केली असतीस?"

कारकून खोटं बोलायला जाणार होता, पण ती दात बघून माणूस ओळखायची.

कचेरीत येऊन त्याने पणजोबांचं अजून संगणकात न भरलेलं पान उघडलं. नाव तेच, त्याला त्यांचंच ठेवलेलं. जन्मतारीख जुळेना, म्हणून त्याने त्या तारखेवर चहा सांडला. मग नियमाप्रमाणे स्वतःला पणजोबांत मिळवलं. लग्न एकशे अठरा वर्षांपूर्वीच, साक्षीदारांसह लागलेलं निघालं. दोघांच्या मृत्यूच्या नोंदी भरायच्या राहिल्या होत्या, त्या त्याने राहू दिल्या.

लग्नाच्या नोंदीची शिक्क्याची नक्कल घेऊन दोघं घरी आली. आईने ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि उठून उभी राहिली.

"आजेसासरे, हयात आहात ना दोघं?" ती म्हणाली. "मग मी या घरात आल्याला तीस वर्षं झाली. एकदा तरी येऊन विचारपूस करायला काय झालं होतं?"

आई खुर्चीत बसली, आणि ती दोघं उभीच राहिली.